टांगत्या ऑर्गनायझरचा कसुती संच : कशिदा उत्तम, शिवण अपुरी

शिवणकामाचे आणि हस्तकलेचे सामान भिंतीवर टांगून ठेवता यावे म्हणून खिशांचा कापडी ऑर्गनायझर घरी शिवायचा आणि त्याच्या खिशांवर कसुती या कर्नाटकातील पारंपरिक प्रकाराचा कशिदा स्वतःच्या हाताने भरायचा, अशा दुहेरी कामाचा तयार संच सध्या इंटरनेटवरून घरपोच मिळतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरी बसून ब्लाउज शिवणाऱ्या, साड्यांना गोंडे करून देणाऱ्या, लग्नसराईत आरी वर्कची, म्हणजे आकड्याच्या सुईने भरायच्या कशिद्याची, आणि रुखवताची कामे घेणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकींकडे हस्तकलेसाठी वेगळी खोली नसून मशीनशेजारची एखादी भिंत तेवढी असते. त्यामुळे हा संच आपल्याकडे घेतला जाणार, हे उघड आहे. तो पूर्ण शिवून आणि एक पावसाळाभर वापरून मी हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. संच तयार करणाऱ्यांनी खिशाच्या दर्शनी बाजूचा जेवढा विचार केला आहे, तेवढा त्या खिशात काय जाणार याचा केलेला नाही.

खोक्यात येते ते असे : पाठीसाठी ६० बाय ९० सेंटिमीटरचा कोऱ्या कॅनव्हासचा तुकडा, खिशांसाठी मॅटीच्या, म्हणजे विणीची चौकोनी घरे मोजता येतात अशा कापडाच्या, तीन पट्ट्या, सहापदरी सुती दोऱ्याच्या सहा लड्या, कापड ताणून धरायची २० सेंटिमीटर व्यासाची प्लास्टिकची रिंग, बोथट टोकाच्या सुया, कडेला लावायची तांबडी उरेब (तिरकी कापलेली) पट्टी, लाकडी दांडी, सुती दोरी आणि इंग्रजीतील सूचनापुस्तिका. पुस्तिकेतील आकृत्या इतक्या स्वच्छ आहेत की मजकूर न वाचताही निम्म्याहून अधिक काम पुढे जाते. मराठी आणि कानडी वाचणाऱ्या घरांत ही सोय लहान नाही.

आधी कशिद्याविषयी, कारण या संचाचे खरे मोल तिथे आहे. कसुतीचे चार टाके, गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथे, हे चारही या नक्षीत आले आहेत आणि प्रत्येक टाका त्याच्या योग्य जागी वापरला आहे. गोपुराच्या आणि तुळशीवृंदावनाच्या रेषा गवंतीने, म्हणजे दुहेरी धावदोऱ्याने भरायच्या आहेत. पायऱ्यांसारख्या चढत जाणाऱ्या कडांना मुरगी आहे, हत्तीच्या अंगावरील झूल विणकामासारख्या दिसणाऱ्या नेगीने भरायची आहे आणि जिथे भरीव रंग हवा तिथे फुलीचा मेंथे योजला आहे. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ ‘कसुती’ वस्तूंवर सरसकट फुलीचा टाका घालून काम उरकलेले असते. त्या मानाने येथे कारागिरीची जाण दिसते. कर्नाटकातील या कशिद्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि इरकलीच्या पदरावर तो पाहिलेल्या डोळ्यांना या संचातील आकृत्या परक्या वाटत नाहीत.

गवंतीची खरी अडचण टाक्याची नसून वाटेची असते. सुई एक घर सोडून एक घर भरत पुढे जाते आणि परतताना सुटलेली घरे भरते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखीच अखंड रेषा तयार होते. परंतु आकृतीला फांद्या असतील तर प्रत्येक फांदीवर जाऊन पुन्हा मूळ रेषेवर यावे लागते, आणि हा क्रम चुकला की सुई अशा ठिकाणी अडकते जिथून मागच्या बाजूला दोरा ओढत नेल्याशिवाय सुटका नसते. पुस्तिकेत जाण्याची वाट एका रंगाच्या बाणांनी आणि येण्याची वाट दुसऱ्या रंगाच्या बाणांनी दाखवली आहे. गोपुरासाठी तर एकूण वाट चार टप्प्यांत तोडून दिली आहे. कसुती करणाऱ्या जुन्या बायकांच्या हे हातात आणि डोक्यात असे, कागदावर नसे. शेजारी बसून शिकवणारे कोणी नसताना कागदावरून गवंती शिकता येते, ही माझ्या दृष्टीने या संचाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. गाठ न मारता दोरा सुरू कसा करायचा आणि शेवटचे टोक आधीच्या टाक्यांत कसे गुंतवायचे, हेही मोठ्या आकृतीत दाखवले आहे.

कापड आणि दोरा यांचा मेळही बरा आहे. मॅटी इंचाला १४ घरांची आहे. म्हणजे ४२ घरांची आकृती बरोबर ३ इंच रुंद होते, आणि घरे मोजताना चाळिशीनंतरच्या डोळ्यांनाही फार त्रास होत नाही. सहा पदरांतील दोन पदर घेऊन भरायचे असल्यामुळे ८ मीटरच्या एका लडीतून २४ मीटर दोरा मिळतो. नक्षीपुरता तो भरपूर आहे, परंतु तिन्ही पट्ट्यांच्या कडेची वेल एकट्या तांबड्या दोऱ्यावर टाकल्यामुळे तांबडी लडी इतर रंगांच्या कितीतरी आधी संपते. लडीच्या कागदावर रंगाचा क्रमांक छापलेला नसल्याने जुळता रंग डोळ्यांनी शोधावा लागतो. संच हाती आल्याबरोबर तांबड्याचा एक तुकडा बाजूला ठेवावा आणि तो घेऊन बेळगावच्या खडेबाजारात जावे, म्हणजे अर्ध्या वेलीवर थांबण्याची वेळ येत नाही. गडद तांबडा रंग ओलाव्याने पांढऱ्या कापडावर उतरण्याचा संभव असतो, म्हणून ओल्या पांढऱ्या चिंधीत लडीचे टोक दाबून आधी पाहून घ्यावे. या संचातील दोऱ्याने रंग सोडला नाही, हे नमूद करते.

कशिद्याच्या भागात दोन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे मॅटीवर छापलेली निळी रेषा. घरे मोजून भरण्याच्या कामात रेषेची गरजच नसते, आणि येथे तर छपाई कापडाच्या घरांशी जुळत नाही, काही ठिकाणी अर्धे घर सरकलेली आहे. रेषेकडे पाहावे तर मोजणी बिघडते आणि मोजणीकडे पाहावे तर रेषा आड येते. ही शाई पाण्याने जाणारी आहे, परंतु पुस्तिकेत कशिदा झाल्यावर आधी इस्त्री आणि नंतर धुणे असा क्रम दिला आहे. तो उलटा करावा. अशा शाईवर गरम इस्त्री फिरली की ती कापडात पक्की बसू शकते. आधी साध्या थंड पाण्यात शाई पूर्ण घालवावी, सावलीत वाळवावे आणि मग उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून इस्त्री करावी, म्हणजे टाके चपटे होत नाहीत.

दुसरी गोष्ट रिंगची. पट्ट्यांची उंची १८ सेंटिमीटर आणि रिंग २० सेंटिमीटरची. म्हणजे पट्टी रिंगमध्ये वरून-खालून धरलीच जात नाही आणि नेमकी कडेची वेल सैल कापडावर भरावी लागते. यावर उपाय जुनाच आहे : पट्टीच्या दोन्ही लांब कडांना एखाद्या जुन्या धुवट कापडाची पट्टी कच्च्या टाक्याने जोडून घ्यावी आणि काम झाल्यावर उसवून टाकावी. उपाय सोपा असला तरी तो पुस्तिकेत असायला हवा होता, किंवा निदान १५ सेंटिमीटरची रिंग तरी द्यायला हवी होती.

आता शिवणीकडे वळते, आणि येथे मात्र माझी तक्रार मोठी आहे.

खिशांच्या तिन्ही पट्ट्या पाठीच्या रुंदीएवढ्याच कापलेल्या आहेत. पट्टी पाठीवर सपाट ठेवायची, खालून आणि बाजूंनी टीप मारायची, मध्ये उभ्या टिपा मारून खिसे पाडायचे, इतकीच कृती दिली आहे. कागद, पाकिटे, नमुन्यांचे तुकडे अशा सपाट वस्तूंसाठी हे चालते. पण शिवणाच्या सामानात सपाट असते तरी काय? तीन सेंटिमीटर जाडीचे रीळ सपाट पाठीवर उभे केले आणि त्याच्यावरून कापड फिरवून आणले, तर खालच्या ३ सेंटिमीटर जागेसाठी वरचे कापड जवळजवळ ८ सेंटिमीटर लागते. वरच्या कापडाला तेवढी ढील नसेल तर ते पाठीचे कापड आपल्याकडे ओढते. एका खिशात हे जाणवत नाही, पण गोंड्यांच्या रेशमी दोऱ्याची सात-आठ रिळे एका ओळीत बसवली की संपूर्ण पट मधून आकसतो, कडा पुढे वळतात आणि मन लावून भरलेला हत्ती रिळाच्या गोलाईवर अर्धा दिसेनासा होतो.

यावर उपाय म्हणजे पट्टी पाठीपेक्षा लांब घ्यायची आणि प्रत्येक खिशाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत एकेक चुणी द्यायची. पाठीवर ६ सेंटिमीटरचा खिसा हवा असेल तर वरचे कापड ९ ते १० सेंटिमीटर धरावे. परंतु असे केले की नक्षीची जागा बदलते, कारण आकृती खिशाच्या मधोमध यायला हवी आणि चुणी कोऱ्या जागेत पडायला हवी. म्हणून कोणत्या खिशात काय ठेवायचे हे कशिद्याची पहिली सुई घालण्यापूर्वी ठरले पाहिजे. आपले सामान टेबलावर ओळीने मांडावे, प्रत्येक वस्तूच्या रुंदीत तिची जाडी मिळवून वर बोटभर ढील धरावी, त्याप्रमाणे पट्टीवर खिशांच्या सीमा कच्च्या दोऱ्याने आखाव्यात, प्रत्येक खिशाचा मध्य काढावा आणि मग आकृती मोजायला घ्यावी. संचात हे नेमके उलटे आहे. आकृत्या १० सेंटिमीटर अंतराने आधीच छापल्या आहेत आणि खिसे त्यांच्यामागून पडतात. आरीच्या सुयांसाठी ४ सेंटिमीटरचा अरुंद खिसा आणि शेजारी रिंगसाठी २२ सेंटिमीटरचा रुंद खिसा करू म्हटले, तर टीप थेट हत्तीच्या पोटातून जाते.

उंचीच्या बाबतीतही हाच प्रकार आहे. तिन्ही पट्ट्या एकाच उंचीच्या असल्याने दुमड जाऊन सुमारे १५ सेंटिमीटर खोलीचे खिसे होतात. ३० सेंटिमीटरची मोजपट्टी किंवा फ्रेंच कर्व्ह (गोलाई आखायची पट्टी) त्यात उभे केले की डोक्याकडून पुढे झुकतात. उंच वस्तूच्या निम्म्याहून अधिक भाग खिशात असला तरच ती सरळ राहते. उलट बॉबिन, खडू, हुकांचे डबे या बुटक्या वस्तू तळाशी जाऊन बसतात आणि दर वेळी आत हात घालून चाचपावे लागते. त्यांना ६-७ सेंटिमीटरची खोली पुरे. खाली खोल, मध्ये मध्यम आणि वर उथळ अशा तीन वेगवेगळ्या पट्ट्या कापून देण्याला विक्रेत्याचा काही अधिक खर्च झाला असता, असे वाटत नाही.

आणखी एक उणीव अस्तराची आहे. पाठीसाठी अस्तर नाही, ते चालेल, कारण ती बाजू भिंतीकडे असते. पण खिशांनाही अस्तर नाही. गवंती आणि मुरगी मागूनही पुढच्यासारख्याच नीट असतात हे खरे, परंतु नेगीचे लांब तरंगते दोरे खिशाच्या आत उघडे राहतात आणि कात्रीचे किंवा क्रोशाच्या सुईचे टोक त्यात अडकते. प्रत्येक पट्टीला पातळ सुती अस्तर लावणे अत्यावश्यक आहे. दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा कशिदा करून त्याची एक बाजू अस्तराखाली झाकून टाकायची, याचे मन थोडे खट्टू होते, पण वापरायच्या वस्तूत असा विचार करून चालत नाही. खण शिवल्यावर उरलेले तुकडे घरात असतात, तेही अस्तराला चालतात. त्यांचा रंग खिशाच्या तोंडाशी डोकावतो आणि छान दिसतो.

प्रत्यक्ष टिपेबद्दल पुस्तिका फार त्रोटक आहे. कॅनव्हास, मॅटी, अस्तर आणि वरून दुमडलेली उरेब पट्टी असे थर कोपऱ्यात एकत्र येतात, तेव्हा १४ नंबरची सुई वाकते किंवा टाके सोडते. १६ नंबरची घालावी, टीप ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी आणि कोपऱ्यावर पायडल न मारता चाक हाताने फिरवावे. पायाने चालणाऱ्या जुन्या काळ्या मशीनवर हे काम विनातक्रार होते. प्लास्टिकच्या हलक्या मशीनवर धीर धरावा लागतो. प्रत्येक खिशाच्या तोंडाशी, जिथे उभी टीप सुरू होते तिथे, शर्टाच्या खिशाला असते तशी छोटी त्रिकोणी टीप मारून घ्यावी. खिसा फाटतो तो तळाशी नाही, तोंडाशी फाटतो, कारण वस्तू काढताना हात तिथेच ओढ देतो. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही.

कोऱ्या कापडाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. धुवून न घेतलेले सुती कापड पहिल्या पाण्यात आटते. ९० सेंटिमीटरची लांबी ५ टक्के आटली तर साडेचार सेंटिमीटर कमी झाली. संचातील कॅनव्हास आणि मॅटी ही दोन वेगळ्या विणीची कापडे वेगवेगळ्या प्रमाणात आटणार, म्हणजे शिवून झालेला ऑर्गनायझर पहिल्या धुण्यात सुरकुतणार. ‘आधी भिजवा अक्का, मग कापा’ हे कोरे कापड घेताना दुकानात ऐकायची आपल्याला सवय आहे. येथे कापड आधीच कापून येते, त्यामुळे भिजवल्यावर मापे हलतात. तरीही भिजवावेच. लहान झालेल्या मापाप्रमाणे उरेब पट्टी कापून घेता येते, परंतु सुरकुतलेला पट पुन्हा सरळ होत नाही. कशिदा भरण्यापूर्वीच मॅटीही भिजवली की ती निळी रेषा आपोआप निघून जाते, हा आणखी एक फायदा.

टांगण्याची व्यवस्था पुन्हा दिसण्याकडे पाहून केलेली आहे. दांडीच्या दोन टोकांना दोरी बांधून ती मधल्या एका खिळ्यावर अडकवायची, असे चित्र आहे. रिकाम्या पटाला हे शोभते. उजवीकडच्या खिशात दहा इंची लोखंडी कात्री ठेवली की पट त्या बाजूला कलतो, आणि कात्री काढली की दुसऱ्या बाजूला. दांडी दोन हुकांवर आडवी ठेवावी आणि दोरी सरळ बाजूला काढावी. वरचा नेफा एकाच टिपेवर सोडलेला आहे, तिथे दुसरी समांतर टीप हवी. जड वस्तू खालच्या ओळीत आणि दोन्ही कडांच्या जवळ ठेवल्या तर पट ताणून सरळ राहतो. दांडी मात्र चांगल्या लाकडाची आणि गुळगुळीत घासलेली आहे, वजन पडूनही वाकत नाही.

बेळगाव आणि विशेषतः खानापूर भागातील पावसाचा विचार संच बनवणाऱ्याने करावा, अशी अपेक्षा धरणे योग्य नाही, पण घेणाऱ्याने तो करायलाच हवा. जून ते सप्टेंबरमध्ये पावसाच्या माऱ्याकडील भिंत ओल धरते आणि तिला चिकटून टांगलेले जाड सुती कापड ती ओल शोषते. खिशातील सुयांना गंज चढतो, जरीचा दोरा काळवंडतो, आणि पाठीवर बुरशीचे ठिपके येतात. आतील भिंत निवडावी, हुक असे बसवावेत की पट भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर सुटा राहील, आणि सुया, आरीचे हूक व जरीची रिळे झाकणाच्या छोट्या डब्यांत घालून मग खिशात ठेवावीत. माझ्याकडे दाराच्या आतल्या बाजूस टांगलेल्या पटाला काही झालेले नाही. दार उघडमीट होताना तो हलतो, म्हणून खालच्या कडेतून एक दुसरी बारीक दांडी ओवली आहे.

मणी, टिकल्या, खडे यांच्यासाठी हा संच मुळातच उपयोगी नाही, कारण ते बाहेरून दिसले पाहिजेत आणि मॅटीतून काही दिसत नाही. आरी वर्क करणाऱ्या स्त्रीने मधली पट्टी बाजूला ठेवून त्या जागी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी लावावी. प्लास्टिक मशीनच्या पायाखाली चिकटते, तेव्हा वरून पातळ कागद ठेवून टीप मारावी आणि नंतर कागद फाडून काढावा. उरलेल्या कशिद्याच्या पट्टीचे तोरण होते.

किंमत दीड हजारांच्या आत आहे. तेवढ्या पैशांत कॅनव्हास, मॅटी, दोरे, अस्तर असे सगळे सामान बेळगावच्या बाजारातून सुटे घेता येते आणि थोडे उरते, हे शिवणकाम येणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. ज्यांना कसुती येते त्यांनी संच घेण्याचे कारण मला दिसत नाही. आपल्या सामानाच्या मापाने पट्ट्या कापाव्यात, हव्या तर पाठीला जाड खादी लावावी. खण किंवा इरकलीचे कापड खिशांना वापरायचे असेल तर ते पातळ पडते, खाली बकरम (ताठपणासाठी लावायचे कडक कापड) किंवा जाड सुती कापड लागेल, आणि त्यावर घरे मोजता येत नसल्यामुळे नक्षी आधी मॅटीच्या तुकड्यावर भरून मग वरून जोडावी लागेल. ज्यांना मशीन चालवता येते पण कसुती शिकायची राहून गेली आहे, त्यांनी मात्र हा संच अवश्य घ्यावा, आणि तो ऑर्गनायझरचा संच आहे असे न समजता कसुतीच्या धड्यांचा संच म्हणून घ्यावा. सुई हातात धरायला नुकतीच शिकलेल्या मुलीला तो जड जाईल. तिला आधी चौकोनी रुमालावर गवंती गिरवू द्यावी.

विक्रेत्याची सेवा नेमस्त आहे. पार्सल नीट बांधलेले आले, रिंगचा स्क्रू सैल होता म्हणून लिहिल्यावर दुसरी रिंग विनाशुल्क पाठवली. नक्षीची पुस्तिका आणि कोऱ्या मॅटीच्या पट्ट्या ते वेगळ्याही विकतात, पण ही माहिती संचाच्या पानावर दिसत नाही, विचारावी लागते. पट्ट्या घेताना उंची २४ सेंटिमीटरची आणि छपाईविना मागावी.